जखमी घार आणि आपली अमानत



सूरह अल-मुल्कच्या एकोणिसाव्या आयतीत अल्लाह मानवाला मान वर करून पक्ष्यांकडे पाहावयास सांगतो. पंख पसरलेले आणि मिटलेले ते पक्षी आकाशात कोणाच्या आधारावर राहतात, असा प्रश्न तेथे केला आहे आणि उत्तरही दिले आहे: रहमानखेरीज त्यांना सावरणारा कोणी नाही. सूरह अल-अनआमच्या अडतिसाव्या आयतीत तर जमिनीवर चालणारे जीव आणि दोन पंखांनी उडणारे पक्षी हे तुमच्यासारखेच समुदाय आहेत, असे फर्माविले आहे. उम्मत हा शब्द आपण स्वतःसाठी किती अभिमानाने वापरतो! तोच शब्द अल्लाहने पाखरांसाठीही वापरला आहे.

या आयती मी मकतबमध्ये कित्येक वेळा शिकविल्या. परंतु त्यांचा अर्थ मला एका जखमी घारीने नव्याने शिकविला.

मांडव्याच्या किनाऱ्यावरील एक प्रसंग

मांडव्याच्या धक्क्यावर ज्यांनी गेटवेहून येणाऱ्या लाँचची वाट पाहिली आहे, त्यांना घारींची ओळख करून द्यावयास नको. वाळत घातलेल्या मासळीवर त्यांच्या घिरट्या चालू असतात. कधी त्यांच्यात पांढऱ्या डोक्याची, तांबूस पंखांची ब्राह्मणी घारही दिसते. काही वर्षांपूर्वी जानेवारीत, संक्रांतीनंतरच्या आठवड्यात, अस्रच्या नमाजानंतर मकतबमधील तीन मुले कांद्याच्या गोणीत काहीतरी गुंडाळून घेऊन आली. गोणीत एक काळपट घार होती. नारळाच्या झावळीत अडकलेल्या नायलॉनच्या मांज्यात तिचा डावा पंख गुंतला होता आणि सुटण्याच्या धडपडीत मांजा आत रुतत गेला होता. पंखाच्या पुढच्या कडेची पातळ त्वचा पार फाटली होती.

अंगणात माणसे जमली. त्यांतील एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी सहज विचारले, "मौलाना, घारीला तर हरमच्या हद्दीतसुद्धा मारण्याची मुभा आहे ना? मग तिच्यासाठी एवढा खटाटोप कशाला?"

त्यांच्या प्रश्नात खोट नव्हती. त्यांनी हदीस ऐकली होती आणि ती सहीह हदीस आहे. मुले माझ्याकडे पाहू लागली. मी त्या वेळी एवढेच म्हणालो की, आधी हिला सावलीत ठेवू या, उत्तर नंतर देईन. ते उत्तर आज सविस्तर देत आहे.

हदीसचा अर्थ कसा समजून घ्यावा

माननीय आयशा (रजि.) यांच्याकडून बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आलेल्या कथनाचा आशय असा की, पाच उपद्रवी जीव हरममध्येही मारले जाऊ शकतात: उंदीर, विंचू, घार, कावळा आणि चावा घेणारा कुत्रा. इहरामच्या अवस्थेत शिकार निषिद्ध असल्यामुळे हा अपवाद स्पष्ट करणे आवश्यक होते.

आपल्या कोकणातील बहुसंख्य मुस्लिम शाफई मजहबचे अनुयायी आहेत, म्हणून त्या मजहबची भूमिका न लपविता सांगतो. इमाम नववी (रह.) यांच्यासारख्या शाफई फुकहांनी उपद्रव आणि उपयोग या दोन निकषांवर प्राण्यांचे वर्ग पाडले आहेत. जे केवळ उपद्रवी आहेत, त्यांना मारणे मुस्तहब. ज्यांच्यात उपद्रव आणि उपयोग दोन्ही आहेत, जसे बाज किंवा ससाणा, त्यांना मारणे मुस्तहबही नाही व मकरूहही नाही. ज्यांच्यात यांपैकी काहीच नाही, त्यांना मारणे मकरूह. घारीचा समावेश पहिल्या वर्गात केलेला आढळतो.

मग आपण ती घार उचलून उपचारास पाठविली, हे चुकले काय? मुळीच नाही. चार गोष्टी ध्यानी घ्याव्यात.

पहिली गोष्ट ही की, मारण्याच्या परवानगीचे कारण उपद्रव आहे. त्या काळी घार उघड्यावर ठेवलेले मांस आणि कोंबडीची पिले उचलून नेई, आणि ज्याच्या घरी तेवढेच अन्न असेल त्याचे मोठे नुकसान होई. पंख फाटून जमिनीवर पडलेली घार कोणते नुकसान करणार? हदीसमधील शब्दच पाहा. तेथे सरसकट कुत्रा म्हटलेले नाही, चावा घेणारा कुत्रा म्हटले आहे. कुत्र्याविषयीची दुसरी प्रसिद्ध हदीस आपणा सर्वांना ठाऊक आहे. तहानेने ओली माती चाटणाऱ्या कुत्र्यासाठी एक माणूस विहिरीत उतरला, आपल्या मोज्यात पाणी भरून तो दातांत धरून वर आला आणि त्याने त्या मुक्या जिवाची तहान भागविली. अल्लाहने त्याच्या या कृतीची कदर केली आणि त्याला क्षमा केली. सहाबांनी विचारले की, जनावरांच्या बाबतीतही आम्हाला पुण्य मिळते काय? प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या उत्तराचा आशय असा होता की, प्रत्येक सजीव काळजाच्या सेवेत मोबदला आहे. या उत्तरात त्यांनी कोणत्याही जिवाला वगळलेले नाही.

दुसरी गोष्ट, मारण्याची मुभा म्हणजे छळाची मुभा नव्हे. माननीय शद्दाद बिन औस (रजि.) यांच्या हदीसनुसार अल्लाहने प्रत्येक बाबतीत एहसान आवश्यक केला आहे, अगदी जबह करतानासुद्धा. सुरी धारदार असावी, जनावराला त्रास कमी व्हावा, ही ताकीद त्याच हदीसमध्ये आहे. मांज्यात लटकलेली घार दोन-दोन दिवस तडफडते. कोणत्याही मजहबने हा मृत्यू मुस्तहब म्हटलेला नाही.

तिसरी गोष्ट, मुस्तहब म्हणजे फर्ज नव्हे. ते न केल्याने माणूस गुन्हेगार होत नाही. उलट आपल्या देशात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार वन्य पक्ष्याला मारणे आणि घरात डांबून ठेवणे, दोन्ही अपराध आहेत. जो कायदा आपल्याला कोणतेही पाप करण्यास भाग पाडत नाही, त्याचे पालन करणे ही आपली जबाबदारी आहे.

चौथी गोष्ट मला सर्वांत प्रिय आहे. ज्या माननीय आयशा (रजि.) यांनी पाच जिवांची हदीस सांगितली, त्यांनीच घारीची आणखी एक हकिकत सांगितली आहे आणि ती सहीह बुखारीत आहे. एका टोळीत एक मुक्त केलेली सावळी दासी राहत होती. त्या घरातील मुलीचा तांबड्या चामड्याचा पट्टा खाली पडला आणि मांस समजून घारीने तो उचलून नेला. आरोप दासीवर आला. तिची झडती घेण्यात आली, तिच्या अब्रूचीही गय केली गेली नाही. ती तशी उभी असतानाच घार परत आली आणि तिने तो पट्टा सर्वांच्या मधोमध टाकला. ती स्त्री पुढे मदीनेत आली, तिने इस्लाम स्वीकारला आणि मस्जिदे नबवीत तिच्यासाठी लहानसा तंबू होता. माननीय आयशा (रजि.) यांच्याकडे ती येऊन बसत असे. घारीने चूक केली हे खरे, पण अल्लाहने एका निराधार स्त्रीच्या निर्दोषत्वाची साक्ष त्याच घारीकडून देवविली.

ही माझी समज आहे आणि मी एक लहान विद्यार्थी आहे. अधिक तपशील हवा असेल त्यांनी आपल्या विश्वासातील मुफ्तींना अवश्य विचारावे.

दया अज्ञानाने केली तर

आता माझी चूक सांगतो. घार धापा टाकत होती. ती तहानलेली असेल असे समजून मी ड्रॉपरने तिच्या चोचीत पाणी सोडले. एका मुलाने दुधात भिजविलेला पाव पुढे केला. रात्री ज्या पशुवैद्यांशी फोनवर बोललो, ते हे ऐकून क्षणभर गप्प झाले. पक्ष्याच्या श्वासनलिकेचे तोंड जिभेच्या मुळाशीच असते, वरून ओतलेले पाणी सरळ त्यात उतरू शकते आणि पक्षी गुदमरून मरतो, हे त्यांनी मला समजावून सांगितले. दूध आणि पाव हा शिकारी पक्ष्यांचा आहारच नव्हे. माझा हेतू शुद्ध होता, पण त्या दिवशी ती घार वाचली ती माझ्यामुळे नव्हे, अल्लाहच्या कृपेने.

नीयत शुद्ध असली तरी कृती ज्ञानाने करावी लागते. वुजू कसा करावा हे शिकल्याशिवाय आपण नमाज पढत नाही, मग जिवंत प्राण्यावर हात ठेवताना न विचारता कसे चालेल?

शिकारी पक्ष्यांची शुश्रूषा हे वेगळेच शास्त्र आहे. चिमणी-कबुतराला दाणे चालतात. घार, शिकरा, ससाणा, घुबड यांना मांस लागते, आणि तेही नुसते मऊ मांस नव्हे. वाढत्या पिलाला हाडे-पिसांसह भक्ष्य मिळाले नाही तर कॅल्शियमअभावी त्याची हाडे वाकतात. पंखाचे हाड जुळले तरी काम संपत नाही. आठवडे न उडलेल्या पक्ष्याचे स्नायू दुबळे होतात, म्हणून त्याला मोठ्या जाळीदार पिंजऱ्यात उडण्याचा सराव द्यावा लागतो. उड्डाणाची पिसे तुटली असतील तर नवी येईपर्यंत थांबावे लागते. कोवळे पिलू माणसाच्या हातून खात वाढले तर ते माणसालाच आपली जात समजू लागते आणि पुढे रानात जगू शकत नाही. म्हणून जाणकार मंडळी पिलांना आपला चेहरा आणि आवाजही शक्यतो जाणवू देत नाहीत. ही ममता वरवर कोरडी वाटते, पण त्या पिलाचे हित तिच्यातच आहे.

परत करणे, हाच खरा एहसान

आमच्या मकतबमधील ज्या मुलाने घार आणली होती, तो दुसऱ्या दिवशी मला म्हणाला, "मौलाना, ती बरी झाली की मी पाळीन. रोज कोंबडीचे मांस घालीन." मुलाचा जीव तिच्यात गुंतला होता. त्याला मी दोन हदीस सांगितल्या.

पहिली मांजरीची. एका स्त्रीने मांजर कोंडून ठेवली. तिला खावयास दिले नाही आणि जमिनीवरील किडे-मुंग्या खाऊन जगण्यासाठी मोकळेही सोडले नाही. मांजर मेली आणि ती स्त्री शिक्षेस पात्र ठरली. या हदीसमध्ये दोन कर्तव्ये आहेत: कोंडले असेल तर खाऊ घाला आणि नाहीतर मोकळे सोडा. वन्य पक्ष्याच्या बाबतीत उपचार होईपर्यंत पहिले कर्तव्य, त्यानंतर दुसरे.

दुसरी माननीय अब्दुल्लाह बिन मसऊद (रजि.) यांची, जी अबू दाऊदमध्ये आहे. प्रवासात काही सहाबांनी एका लहान पक्षिणीची दोन पिले उचलली. ती पक्षीण पंख फडफडवीत त्यांच्यावर घिरट्या घालू लागली. प्रेषित (स.) आले, त्यांनी विचारले की, हिच्या पिलांवरून हिला कोणी दुःख दिले? आणि पिले तिला परत करण्याचा आदेश दिला. पिले सुखरूप होती, कोणी त्यांना इजा केली नव्हती. तरीही परत करा, हाच हुकूम झाला. घार आकाशात कितीही उंच हिंडली तरी तिचे लक्ष पिलांवर असते, ही उपमा आपल्या मराठी संतकवींनी घराघरांत पोहोचविली आहे. त्या पक्षिणीची तीच तळमळ प्रेषितांनी (स.) ओळखली.

येथे कोणी विचारील की, माननीय अनस (रजि.) यांचा लहान भाऊ अबू उमैर एक छोटा पक्षी पाळत असे आणि प्रेषित (स.) प्रेमाने त्याची विचारपूस करीत, त्याचे काय? ती हदीस सत्य आहे आणि नीट देखभाल होत असेल तर पक्षी पाळण्यास फुकहांनी तिच्याच आधारे अनुमती दिली आहे. परंतु मैलोन्‌मैल आकाश हेच ज्याचे घर, त्या घारीची नीट देखभाल खुराड्यात होऊच शकत नाही. शिवाय ती आपली नव्हती. ती वाटेत सापडलेली अमानत होती, आणि अमानत ज्याची त्याला परत करावयाची असते.

आपल्यापैकी अनेकांचे नातेवाईक आखाती देशांत आहेत. तेथे ससाण्याने शिकार करण्याची परंपरा जुनी आहे, आणि शिकविलेल्या शिकारी प्राण्यांचा उल्लेख सूरह अल-माइदाच्या चौथ्या आयतीत आहे. त्याच संयुक्त अरब अमिरातीत शेख जायद यांच्या नावाने १९९५ पासून ससाणे रानात परत सोडण्याचा उपक्रम चालतो. तुर्कस्तानातील बुर्सा शहरात एकोणिसाव्या शतकात जखमी करकोच्यांसाठी शुश्रूषागृह होते. पक्ष्यांची सेवा ही आपल्या दीनी संस्कृतीला परकी नाही.

दिल्लीतील दोन भाऊ

याचे जिवंत उदाहरण आपल्याच देशात आहे. दिल्लीच्या वजीराबाद भागात नदीम शहजाद आणि मोहम्मद सऊद हे दोघे भाऊ राहतात. तरुणपणी त्यांना एक जखमी घार सापडली. पक्ष्यांच्या एका धर्मादाय दवाखान्यात ती मांसाहारी असल्यामुळे घेतली गेली नाही. तेव्हापासून या दोघांनी घारींवर स्वतःच उपचार करण्यास आरंभ केला. घरच्या तळघरात साबणाच्या यंत्रांचा व्यवसाय आणि त्याच जागेत घारींच्या पंखांना टाके, असे त्यांचे जीवन होते. घराच्या गच्चीवर घारी बऱ्या होत आणि तेथूनच उडून जात. हजारो पक्षी त्यांच्या हातांखालून गेले. त्यांच्यावर शौनक सेन यांनी काढलेला 'ऑल दॅट ब्रीद्स' हा माहितीपट २०२२ साली सनडान्स व कान या महोत्सवांत गौरविला गेला आणि २०२३ मध्ये त्याला ऑस्करचे नामांकनही मिळाले. मात्र चित्रपटाच्या कितीतरी आधी, कोणी पाहत नसताना, हे काम वर्षानुवर्षे चालू होते, हे आपण लक्षात ठेवावे.

आपल्या महाराष्ट्रातही सोयी आहेत. मुंबईत परळ येथील बाई साकरबाई दिनशॉ पेटीट प्राणी रुग्णालय एकोणिसाव्या शतकापासून उभे आहे. नागपूरच्या सेमिनरी हिल्सवर २०१५ पासून वन विभागाचे ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटर आहे. ट्रान्झिट म्हणजे वाटेवरचा मुक्काम. पक्षी तेथे वाटसरू म्हणून येतो आणि बरा होऊन जातो. दुनियेत वाटसरूसारखे राहा, ही प्रेषितांची (स.) शिकवण ज्यांना ठाऊक आहे, त्यांना हे नाव अधिकच भावेल.

आपल्या रायगड जिल्ह्यातील गिधाडांचाही येथे उल्लेख केला पाहिजे. म्हसळा-श्रीवर्धन भागातील पांढऱ्या पाठीच्या गिधाडांसाठी चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने अनेक वर्षे काम केले आहे. गुरांना दिले जाणारे डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक औषध मेलेल्या गुरांच्या मांसातून गिधाडांच्या पोटात जाई आणि मूत्रपिंड निकामी होऊन ती मरत. २००६ मध्ये भारतात जनावरांसाठी या औषधावर बंदी आली, पण तोवर बहुतेक गिधाडे नाहीशी झाली होती. गिधाड वर्षाला एकच अंडे घालते. गेलेली संख्या भरून येण्यास पिढ्या लागतात. ज्यांच्याकडे गुरे-बकऱ्या आहेत, त्यांनी पशुवैद्यांना विचारल्याशिवाय माणसांची औषधे जनावरांना कदापि देऊ नयेत.

आपण काय करावे

जखमी शिकारी पक्षी आढळल्यास घरातील प्रत्येकाला पुढील गोष्टी ठाऊक असाव्यात.

१. पक्ष्यावर जाड टॉवेल टाकून त्याला अलगद उचलावे. खरा धोका चोचीपेक्षा नखांचा असतो, म्हणून पाय आधी सांभाळावेत. लहान मुलांनी हात लावू नये.

२. हवेसाठी भोके पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात, अंधारात आणि शांत जागी ठेवावे. गर्दी, फोटो आणि गोंगाट यांनी पक्षी भीतीनेच दगावतो.

३. पाणी पाजू नये आणि काही भरवू नये. रुतलेला मांजा ओढून काढू नये. लोंबणारा दोरा तेवढा कापावा.

४. महाराष्ट्र वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर त्वरित कळवावे. पक्षी घरी ठेवून घेऊ नये.

५. घरट्याखाली पडलेले प्रत्येक पिलू जखमी नसते. उडण्यास शिकणारी पिले जमिनीवर उतरतात आणि आई-बाप जवळच असतात. आधी दुरून पाहावे. शक्य असेल तर जाणकारांच्या सल्ल्याने पिलू घरट्यात परत ठेवावे.

६. जिवंत घारीचे अंग शाफई मजहबनुसार नजिस नाही. तिचे रक्त आणि विष्ठा मात्र नजिस आहे. नमाजपूर्वी हात आणि कपडे धुऊन घ्यावेत.

७. अशा केंद्रांना मदत करावयाची असल्यास नफली सदका द्यावा. जकातची रक्कम यासाठी चालत नाही. तिचे आठ हक्कदार सूरह अत-तौबाच्या साठाव्या आयतीत निश्चित झालेले आहेत.

८. मुलांच्या हाती नायलॉनचा मांजा देऊ नये. राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्येच त्यावर देशभर बंदी घातली आहे. जिवंत पक्ष्याला नेमबाजीचे लक्ष्य करणाऱ्या तरुणांना माननीय इब्ने उमर (रजि.) यांनी प्रेषितांच्या (स.) धिक्काराची आठवण दिली होती. आपल्या पतंगाच्या दोऱ्याने आकाशातील प्रत्येक पक्षी लक्ष्य होत असेल तर आपण स्वतःला वेगळे कसे समजावे?

शेवटी

आमची घार दुसऱ्या दिवशी सकाळी वनरक्षक घेऊन गेले. सुमारे दोन महिन्यांनी त्यांचा फोन आला. जेथे पक्षी सापडतो, त्याच परिसरात त्याला सोडणे इष्ट असते, कारण तेथील भक्ष्याच्या जागा आणि कदाचित त्याचा जोडीदार त्याला ठाऊक असतो. म्हणून तिला मांडव्यालाच आणले होते. ऊन चढू लागले होते. खोके उघडले. घार काही वेळ आतच बसून राहिली. मग ती बाहेर आली, वाळूवर चार पावले टाकली आणि उडाली. आधी नारळावर बसली, नंतर खाडीच्या दिशेने निघून गेली. तिने मागे वळून पाहिले नाही.

मुलाचे डोळे भरून आले. तो म्हणाला, "मौलाना, तिने मला ओळखलेसुद्धा नाही." तेव्हा मी त्याला सूरह अद-दहरमधील त्या नेक लोकांविषयी सांगितले, जे गरीब, अनाथ आणि कैदी यांना जेवू घालतात आणि त्यांच्याकडून मोबदल्याची वा आभाराचीही अपेक्षा करीत नाहीत. माणसाला जेवू घातले तर तो निदान दुवा देतो, पाखरू तेवढेही देत नाही. म्हणून पाखराच्या सेवेत दिखाव्याला जागा कमी आणि इखलासला जास्त. सर्वच पक्षी वाचत नाहीत, काही उपचार करूनही मरतात. पण मोबदला प्रयत्नाचा आहे, परिणामाचा नाही.

प्रश्न विचारणारे ते वडीलधारे गृहस्थही त्या सकाळी किनाऱ्यावर आले होते. ते काही बोलले नाहीत. पुढच्या संक्रांतीनंतर मात्र नारळाच्या झावळ्यांत अडकलेला मांजा काठीने उतरविताना मी त्यांना पाहिले.

आज मगरिबपूर्वी आपल्या मुलांना घेऊन किनाऱ्यावर वा गच्चीवर जा, त्यांना घार दाखवा आणि सूरह अल-मुल्कची ती आयत शिकवा. अल्लाह आपल्या अंतःकरणात त्याच्या प्रत्येक मखलूकविषयी दया निर्माण करो, त्या दयेला ज्ञानाची जोड देवो, आणि आपल्या हाती आलेली प्रत्येक अमानत सुखरूप परत करण्याची तौफीक देवो. आमीन.